कूलरच्या मोटरचा ओहम मोजून वॅट काढले तर ७२५ येतात, खरंच एवढी वीज खातो का कूलर?

नंदनवनचा_भाडेकरू

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण पूर्ण वाचा. पैशाचाही आहे आणि पोरीच्या अभ्यासाचाही.

आम्ही नागपूरला नंदनवनमध्ये वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. मीटर एकच, खालचं वरचं मिळून, आमचे युनिट किती ते दर महिन्याला अंदाजाने ठरवतो आणि आजवर कधी वाद झाला नाही. आता मे लागला, ऊन ४५ च्या वर जाऊन राहिलं, कूलर सकाळी अकराला लागतो तो रात्री तीनपर्यंत, म्हणजे सोळा तास धरा. घरमालकाचा पुतण्या पॉलिटेक्निकला आहे, त्याने परवा कूलरचा प्लग काढला, दोन पिनांना मल्टीमीटर लावला, ६२ ओहम आले. बोर्डात व्होल्टेज २१२. मग त्याने कागदावर मांडलं, २१२ भागिले ६२ म्हणजे ३.४२ अँपिअर, त्याला २१२ ने गुणलं की ७२५ वॅट. सोळा तासाचे ११.६ युनिट, महिन्याचे ३४८. नुसत्या कूलरचे!

घरमालक चांगले आहेत, माझ्या आजारपणात तेच दवाखान्यात घेऊन गेले होते, पण कागदावर गणित दिसलं की माणूस काय बोलणार. मी पोरीला विचारलं, ती नववीत, धाराविद्युतचा धडा आत्ताच झाला तिचा, तिने वहीत करून पाहिलं आणि म्हणाली बाबा गणित बरोबर आहे.

माझा विश्वास बसेना म्हणून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटर आणला. आधी अख्ख्या वायरीभोवती लावला तर ०.०० दाखवे, मग त्यानेच फोनवर सांगितलं की आतली एकच वायर धरा, दोन्ही धरल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकाला कापतो. एक वायर वेगळी करून धरली तर कूलर चालू असताना ०.९ अँपिअर. ३.४२ कुठं आणि ०.९ कुठं.

मग घरातल्या अजून दोन वस्तू मोजल्या. इस्त्री १००० वॅटची, ओहम ५३, म्हणजे २१२ भागिले ५३ बरोबर ४ अँपिअर, क्लॅम्पवर पण ४.० च. एकदम जुळलं. जुना पिवळा १०० वॅटचा बल्ब, ओहम फक्त ४०, म्हणजे हिशोबाने ५.३ अँपिअर आणि ११२४ वॅट, पण क्लॅम्पवर ०.४. आता मीटर खराब म्हणावं तर इस्त्रीले बरोबर कसा सांगतो? आणि फॉर्म्युला चुकीचा म्हणावं तर पुस्तकात काऊन दिला?

---

इतवारीचा_वाइंडर

भाऊ, मीटर पण बरोबर आहे, पोरगी पण बरोबर आहे, चूक एवढीच की मोटरले इस्त्री समजून हिशोब केला.

मी बावीस वर्षांपासून वाइंडिंग करून राहिलो, उन्हाळ्यात रोजच्या पंधरा-वीस कूलर मोटरी येतात. तुमच्या मीटरने जे ६२ ओहम दाखवले ते नुसत्या तांब्याच्या तारेचे. मीटर आपल्या छोट्या बॅटरीचा डीसी करंट तारेतून सोडतो आणि मोजतो, त्यावेळी मोटर थांबलेली असते. आणि प्लगवरून मोजलं तर मेन वाइंडिंगच दिसते, कारण स्टार्टिंगची वाइंडिंग कंडेन्सरच्या मागे आहे आणि कंडेन्सर डीसी पुढे जाऊ देत नाही.

आता बोर्डातून येतो एसी, सेकंदाला पन्नास वेळा पुढं-मागं होणारा. ती तार आहे लोखंडाच्या पत्र्यांवर गुंडाळलेली, शेकडो फेरे. करंट बदलला की पत्र्यातलं चुंबक बदलते, आणि चुंबक बदलले की तेच चुंबक त्याच तारेत उलटा व्होल्टेज तयार करते, येणाऱ्या करंटले मागं ढकलते. त्यात रोटर फिरायला लागला की हा विरोध अजून वाढतो. म्हणजे तुमच्या २१२ व्होल्टपैकी बहुतेक या उलट्या व्होल्टेजशीच झगडण्यात जातात, तारेच्या ६२ ओहमच्या वाट्याले थोडेच येतात. म्हणून करंट ०.९.

हाच हिशोब उलटा करा, २१२ भागिले ०.९, आले २३५ च्या जवळपास. हा आकडा ओहममध्येच सांगतात पण हा रोध नाही, याले इम्पिडन्स म्हणतात, आणि हा मोटर चालू असतानाच असते, प्लग काढल्यावर नाही.

एक गोष्ट आमच्या धंद्यातली सांगतो, कारण ६२ ओहम अगदी बिनकामाचा आकडा नाही. सकाळी मोटर थंड असताना मोजा, मग दोन तास चालवा, बंद करा, प्लग काढा आणि लगेच मोजा. तांबं तापलं की त्याचा ओहम वाढते. समजा खोलीत ४० डिग्री असताना ६२ होते आणि चालवल्यावर ७२ आले तर कॉइल आतून साधारण ८४ डिग्रीवर गेली. हात लावून असं समजत नाही, बाहेरचं कव्हर कितीबी गरम असो. आणि नवीन असताना ६२ दाखवणारी मोटर पुढच्या वर्षी थंड असतानाच ४५ दाखवली तर समजायचं की आतले फेरे एकमेकाले चिकटले, तारेवरचं इनॅमलचं आवरण जळलं, लवकरच धूर निघते.

---

विज्ञानशिक्षिका_प्रतापनगर

वाइंडरभाऊंनी मोटरचं छान सांगितलं, मी बल्बचं सांगते, कारण मुलीला शाळेत हाच भाग कामाला येणार आहे.

ओहमने हा नियम १८२७ साली मांडला, आणि त्यात एक अट आहे जी मुलं पाठ करतात पण वापरताना विसरतात, वाहकाची भौतिक अवस्था कायम असली पाहिजे, म्हणजे तापमान बदलता कामा नये. तुमचा बल्ब थंड असताना तार आहे ४० डिग्रीवर, पेटला की टंगस्टनची ती बारीक तार साधारण अडीच हजार डिग्रीपर्यंत जाते. धातू तापला की त्याच्यातले अणू जोरात थरथरतात, इलेक्ट्रॉनना वाट काढणं अवघड होतं, रोध वाढतो. टंगस्टनच्या बाबतीत तो बारा-तेरा पट होतो. १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर, म्हणजे २३० चा वर्ग भागिले १००, ५२९ ओहम. थंड ४०, पेटलेला ५२९. दोन्ही खरे. बल्ब नेहमी लावताक्षणी का उडतो त्याचं कारणही हेच, पहिल्या क्षणाला तो खरोखरच पाच अँपिअरच्या आसपास ओढतो, मग तापतो आणि अर्ध्या अँपिअरच्या खाली येतो, तुमच्या क्लॅम्प मीटरला तेवढ्यात दिसत नाही इतकंच.

आणि इस्त्री का जुळली? कारण तिच्यात नायक्रोम असतं, निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू, तो लालबुंद झाला तरी रोध फार थोडा बदलतो. म्हणून तर हीटर-इस्त्रीला तोच वापरतात. मी वर्गात सांगते की आकडे जुळवायचे असतील तर इस्त्री घ्या, विचार करायचा असेल तर बल्ब घ्या.

मुलीला एक सांगा, तिन्ही सूत्रं एकच आहेत. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. त्यात व्होल्टच्या जागी अँपिअर गुणिले ओहम घातलं की अँपिअरचा वर्ग गुणिले ओहम झालं, अँपिअरच्या जागी व्होल्ट भागिले ओहम घातलं की व्होल्टचा वर्ग भागिले ओहम झालं. पण ओहम असलेलं सूत्र वापरायचं तर तो ओहम वस्तू चालू असतानाचा पाहिजे. म्हणून शक्य असेल तिथे ओहमच्या नादी लागायचं नाही, व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही चालू वस्तूवर मोजायचे.

बल्बचे ०.४ नीट बघायचे असतील तर ती एक वायर क्लॅम्पच्या जबड्यातून दहा वेळा फिरवा आणि आलेला आकडा दहाने भागा. अर्थात प्लग काढून, वेढे घालून, मगच चालू करायचं.

---

मिहान_नाइटशिफ्ट

मग सोपं झालं नं, २१२ गुणिले ०.९ म्हणजे १९१ वॅट. मालकाला सांगा १९१ आणि विषय संपवा.

---

रिटायर्ड_लाइनमन_६३

नाही बेटा, विषय संपत नाही, १९१ पण जास्त आहे.

इस्त्री आणि बल्बमध्ये व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट मिळतात, मोटरमध्ये मिळतात ते व्होल्ट-अँपिअर. मोटरमध्ये करंट व्होल्टेजच्या थोडा मागे चालते. व्होल्टेजची लाट वर पोचली तेव्हा करंट अजून चढूनच राहिला असते, व्होल्टेज शून्यावरून खाली गेला तरी करंट अजून वरच असते. त्या तेवढ्या वेळात मोटर लाइनमधून घेतलेली थोडी वीज लाइनलेच परत देते. क्लॅम्प मीटरला हे कळत नाही, तो करंटचा आकडा सांगते. घरचा मीटर मात्र परत गेलेलं वजा करूनच युनिट मोजते. खरे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर, याले पॉवर फॅक्टर म्हणतात.

आता तुमच्या घरीच मोजायची पद्धत सांगतो, कोणाचा कागद नको नि कोणाचा पुतण्या नको. मीटरवर एक लाल लाइट लुकलुकते, त्याच्या बाजूले लिहिलेलं असते ३२०० इम्पल्स प्रति युनिट. काही मीटरवर दुसरा आकडा असते, आपला बघून घ्या. ३२०० असेल तर एक लुकलुक म्हणजे युनिटचा ३२०० वा भाग, म्हणजे ११२५ ज्यूल. ज्यूल भागिले सेकंद म्हणजे वॅट, झालं.

खाली-वर सगळं बंद करा, फ्रिज पण, राउटर पण, मोबाइलचे चार्जर पण काढा. लाइट पूर्ण थांबला आहे का दोन-तीन मिनिटं बघा. तो थांबला नाही तर कुठंतरी काहीतरी चालू आहे. मग फक्त कूलर लावा, पाणी-पंपासकट नको, पहिले नुसता पंखा. घड्याळ लावा, पहिल्या लुकलुकीले शून्य म्हणा आणि मोजत जा. एक मिनिट मोजू नका, पाच मिनिटं मोजा, म्हणजे एखादी लुकलुक इकडं-तिकडं झाली तरी फरक पडत नाही. आणि मोजताना घरमालकाले शेजारी उभं करा.

आधी इस्त्रीवर करून बघा म्हणजे त्यांचा पण विश्वास बसेल. ८४८ वॅट असेल तर मिनिटाले ४५ लुकलुकी झाल्या पाहिजे. इस्त्रीचा थर्मोस्टॅट कट होण्याच्या आत मोजा.

---

गोरेवाडा_आई

मधेच विचारते, माफ करा. आमच्या दीड टनाच्या एसीचा प्लग चालू असताना हात लावता येत नाही एवढा तापतो आणि सॉकेटचं प्लास्टिक तपकिरी झालंय. एसी ठीक चालतो. करंट आठ अँपिअर सांगितला होता मेकॅनिकने, सॉकेट सोळाचं आहे, मग तापतं कसं? हे पण याच सूत्रात बसतं का?

---

रिटायर्ड_लाइनमन_६३

ताई, बसते, आणि आज रात्री एसी लावू नका, आधी सॉकेट बदला.

सॉकेटमधली पितळी पट्टी ढिली झाली की पिनेले पूर्ण धरत नाही, एका कोपऱ्यावर टेकते. तिथं समजा अर्धा ओहम रोध तयार झाला. तुम्हाले वाटेल अर्धा ओहम काय मोठा. पण तिथून आठ अँपिअर जातात, आठाचा वर्ग चौसष्ट, त्याचं अर्धं ३२ वॅट. झाळायची सोल्डरिंग आयर्न असते नं रेडिओवाल्याकडं, ती पंचवीस वॅटची, शिसं वितळवते. तुमच्या प्लगमध्ये त्याच्यापेक्षा जास्त उष्णता शेंगदाण्याएवढ्या जागेत होऊन राहिली, रात्रभर. एसीले फक्त चार व्होल्ट कमी मिळतात म्हणून तो ठीक चालते, तुम्हाले काही कळत नाही. एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, तो पण पडत नाही कारण करंट आठच आहे. नवं चांगलं सॉकेट आणि नवा प्लग दोन्ही, वायरचं जळलेलं टोक कापून मागची चकचकीत तार स्क्रूमध्ये घट्ट आवळून. नुसतं सॉकेट बदलू नका, जुनी काळी पिन नवीन सॉकेटले पण खराब करते.

---

गोरेवाडा_आई

बंद केला. उद्या सकाळी माणूस बोलावते. खूप खूप आभार काका.

---

नंदनवनचा_भाडेकरू

सगळ्यांचे मनापासून आभार, आज सकाळी साडेसहाला मोजलं, ऊन चढायच्या आधी.

घरमालक, त्यांचा पुतण्या, मी आणि पोरगी, चौघं जिन्याखाली मीटरजवळ. आमच्या मीटरवर ३२०० च लिहिलेलं होतं. सगळं बंद केलं तरी लाल लाइट लुकलुकतच राहिला, पुतण्या वर-खाली दोनदा जाऊन आला, शेवटी सापडलं, पाण्याच्या फिल्टरचा अडॅप्टर होता. तो काढल्यावर लाइट एकदम शांत.

पहिले इस्त्री. काकांनी सांगितल्याप्रमाणे मिनिटाला ४५, पोरगी मोजत होती, तिचे ४५ आणि पुतण्याचे पण ४५. इथेच घरमालकांचा चेहरा मोकळा झाला, कारण इस्त्रीचा आकडा त्यांच्या पुतण्याच्याच पद्धतीने पण तेवढाच आला होता. मग नुसता कूलरचा पंखा, पाच मिनिटं. दोन लुकलुकींच्या मधे साडेसात सेकंद जातात, बघता बघता डोळ्यात पाणी येतं. पाच मिनिटात ४०. पोरीने तिथंच जिन्यावर बसून केलं, ४० गुणिले ११२५ म्हणजे ४५,००० ज्यूल, भागिले ३०० सेकंद, १५० वॅट. आणि १५० भागिले १९१ म्हणजे ०.७८ च्या वर, हा झाला पॉवर फॅक्टर, तिने स्वतःहून काढला.

बल्ब पण पाच मिनिटं लावला, २४ लुकलुकी, म्हणजे ९० वॅट. दहा वेढे घालून क्लॅम्पवर ४.२ आले होते, म्हणजे ०.४२ अँपिअर, गुणिले २१२ बरोबर ८९. जुळलं! आणि २१२ भागिले ०.४२ म्हणजे ५०५ ओहम. मॅडम, तुमच्या ५२९ पेक्षा कमी आले, ते व्होल्टेज कमी असल्यामुळे तार थोडी कमी तापते म्हणून का?

हिशोब असा ठरला, १५० वॅट सोळा तास म्हणजे रोज २.४ युनिट, महिन्याचे ७२. पंपाची टिल्लू मोटर वेगळी मोजू, ती लहानच आहे. पुतण्याने स्वतः तो जुना कागद फाडला आणि म्हणाला काका, मला कॉलेजात पॉवर फॅक्टर शिकवला होता, पण तो कूलरमध्ये असतो हे डोक्यात आलंच नाही.

---

विज्ञानशिक्षिका_प्रतापनगर

हो, अगदी तेच कारण. कमी व्होल्टेज, कमी तापमान, कमी रोध. आणि म्हणूनच २१२ वर तुमचा बल्ब ८९ वॅट घेतो, रोध ५२९ च राहिला असता तर ८५ घेतला असता. मुलीला सांगा हे दोन आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेव. वर्गात मी पुढच्या वर्षी ही मीटरची पद्धत नक्की घेणार आहे.

---

इतवारीचा_वाइंडर

भाऊ, हिशोब मिटला, चांगलं झालं. पण मल्टीमीटर हातात आहे तोवर अजून एक माप घ्या, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाले सांगतो कारण दर उन्हाळ्यात आपल्या विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात लहान पोट्टे पण असतात.

कूलरचा पत्रा, खाली पाणी, ओल्या फरशीवर अनवाणी माणूस. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरा. आता तुमच्या पोरीचंच गणित लावा, २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. तुमच्या बल्बपेक्षाबी कमी. पण माणसाले मारायले ०.०३ च्या वरचा करंट छातीतून गेला तरी भीती असते. आणि सोळा अँपिअरची एमसीबी या ०.२३ कडं बघत पण नाही, तिच्यासाठी तो एक बल्ब आहे. म्हणून अर्थिंग पाहिजे आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी पाहिजे, ती जाणारा आणि येणारा करंट ताडून बघते आणि ०.०३ चा फरक पडला की तोडते. तुम्ही पहिल्या दिवशी अख्खी वायर क्लॅम्पमध्ये धरली आणि शून्य आलं नं, आरसीसीबी तेच काम चोवीस तास करते, शून्य आलं नाही की बंद.

प्लग काढा. मीटर ओहमवर, एक टोक प्लगच्या जाड अर्थ पिनेले, दुसरं कूलरच्या पत्र्याले, रंग खरवडून. एक ओहमच्या आत आलं पाहिजे.

---

नंदनवनचा_भाडेकरू

वाइंडरभाऊ, लावलं. मीटरवर एक ओहम काय, नुसता १ डावीकडे, म्हणजे जोडणीच नाही. कूलर उघडला तर हिरवी वायर आत होती पण स्क्रूला लावलेलीच नव्हती, टेप गुंडाळून तशीच सोडलेली. तीन वर्षं झाली या कूलरला, पोरगी दर संध्याकाळी त्याच्यात बादलीने पाणी टाकते, चालू असताना.

हिरवी वायर लग घालून पत्र्याला घट्ट आवळली, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून. आता ०.७ दाखवतो, आणि मीटरची दोन टोकं नुसती एकमेकाला टेकवली तर ०.६ दाखवतो, म्हणजे खरा ०.१. बोर्डाच्या अर्थचं घरमालकांनीच उद्या तपासून घ्यायचं ठरवलंय, आरसीसीबी पण ते बर्डीवरून आणणार आहेत, पैसे अर्धे-अर्धे. तोवर पाणी भरताना प्लग काढायचा, असं पोरीने कूलरवर खडूने लिहून ठेवलंय.